फुकट अँटीव्हायरस शोधण्याआधी मशीनमध्ये काय आहे ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या कॉम्प्युटरसाठी पाच चांगले फुकट अँटीव्हायरस अशी यादी आली होती, अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर आणि कॅस्परस्की. लेखाची भाषा सोपी होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण सोमवारपासून लोक कात्रण घेऊन माझ्याकडे यायला लागले की यातलं कुठलं टाकू ते सांगा, आणि एक काका तर दोन टाकूनच मशीन घेऊन आले, दोन्ही एकमेकाच्या फायली पकडत बसलेले आणि बिचारा माऊससुद्धा हलत नव्हता. म्हणून म्हटलं प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा आपल्याला पत्र लिहावं. माझं तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, अँटीव्हायरसच्या की, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर चालू करायचे कोड, मी पण विकतो, त्यात मला दोन पैसे सुटतात, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको.

आधी त्या यादीबद्दलच. पाच नावं दिलीत पण त्यातली तीन एकाच मालकाची आहेत हे लेखात कुठेच नाही. अवास्ट ही प्राग शहरातली, १९८८ पासूनची कंपनी. तिने २०१६ मध्ये एव्हीजी घेतली, तब्बल १३० कोटी डॉलर मोजून. तिकडे अमेरिकेतल्या नॉर्टनवाल्यांनी जर्मनीची अविरा घेतली, आणि मग २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्टच एकत्र आले, आता त्या सगळ्याचं नाव जेन डिजिटल. म्हणजे एकाच किचनमधून तीन हॉटेलांच्या नावाने डबे निघतात आणि आपण कुठल्या हॉटेलची भाजी चांगली यावर वाद घालतोय. अवास्ट आणि एव्हीजीचं तर आतलं इंजिन पण एकच आहे, रंग वेगळा, आयकॉन वेगळा. दोन्ही शेजारी उघडून बघा, स्क्रीनची मांडणीसुद्धा सारखी दिसेल.

आता फुकट म्हणजे कसं फुकट, हा खरा प्रश्न. कुठलीही कंपनी शेकडो इंजिनिअर पोसते, रोज नवीन व्हायरसचे नमुने गोळा करते, सर्व्हर चालवते, तर पैसा कुठूनतरी येणारच ना. अवास्टचं प्रकरण सगळ्यांना माहीत असायला पाहिजे आणि नेमकं तेच लेखात नव्हतं. त्यांची जंपशॉट नावाची एक कंपनी होती, लोक कुठल्या साइटवर गेले, काय शोधलं, काय बघितलं ही माहिती अँटीव्हायरस आणि ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधून, म्हणजे एक्स्टेन्शनमधून जमा व्हायची आणि जंपशॉट ती शंभराहून जास्त कंपन्यांना विकायची. हे सगळं २०१४ पासून चालू होतं. आणि गंमत अशी की तेच एक्स्टेन्शन लोकांना सांगत होतं की आम्ही तुमचं ट्रॅकिंग थांबवतो! जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी ते बाहेर काढलं तेव्हा घाईघाईने जंपशॉट बंद केली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण १३७ कोटी रुपये, आणि असा डेटा जाहिरातींसाठी विकायला बंदी घातली. आता ते सुधारले असतील, नाही म्हणत नाही, पण ज्याला आपण सगळ्या फायली उघडून बघायची परवानगी देतो त्याच्याबद्दल हे वाचकाला आधी कळायला नको का? मग ठरवू दे की त्याला.

अविराचं पण एक आहे. २०२१ मध्ये त्यांनी आणि नॉर्टनने सॉफ्टवेअरच्या आत क्रिप्टो मायनिंगचं बटण टाकलं होतं, म्हणजे तुमचं मशीन रिकामं असताना ते क्रिप्टोची डिजिटल नाणी खणणार आणि नॉर्टनवाले त्यातला १५ टक्के वाटा घेणार. बळजबरी नव्हती, चालू करायचं की नाही ते तुमच्यावर, पण लाइट बिल कोणाचं हो? अँटीव्हायरसने असले उद्योग कशाला करायचे हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

बाकी फुकटवाल्यांचा रोजचा त्रास वेगळाच. कोपऱ्यात सारखे डबे उघडणार, तुमच्या पीसीत इतके इतके प्रॉब्लेम सापडले, लाल रंगात, आणि फिक्सवर क्लिक केलं की पैसे भरायचं पान. ते प्रॉब्लेम म्हणजे काय तर टेम्पररी फायली आणि ब्राउझरच्या कुकीज, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. वयस्कर माणसं घाबरतात आणि मुलाला फोन लावतात, मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला, तो म्हणतो भरून टाका, आणि मग पहिल्या वर्षी सवलत, दुसऱ्या वर्षी कार्डातून आपोआप पूर्ण रक्कम कटते. इन्स्टॉल करताना भराभर नेक्स्ट नेक्स्ट केलं तर सोबत त्यांचा स्वतःचा ब्राउझर पण येऊन बसतो, मग आजोबा विचारतात माझं गुगल कुठं गेलं.

कॅस्परस्कीचं सांगायचं तर टेस्टमध्ये ते कायम वरच्या नंबरात असतं, त्यात वाद नाही. पण जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सरकारने त्यांच्या तिथल्या विक्रीवर बंदी जाहीर केली, मॉस्कोची कंपनी म्हणून, आणि त्या सप्टेंबरमध्ये तिथल्या लोकांच्या कॉम्प्युटरवर एक दिवस कॅस्परस्की स्वतःहून निघून गेलं आणि त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचं कधी न ऐकलेलं अँटीव्हायरस आपोआप बसलं. बऱ्याच जणांना वाटलं व्हायरसच आला. राजकारण बाजूला ठेवा, पण अँटीव्हायरसच्या हातात मशीनची केवढी सत्ता असते ते यातून दिसतं. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने जगातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन येऊन बंद पडले, आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, तो फोटो सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर बघितला असेल. ते मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर, घरी नसतं, पण कारण तेच, ही सॉफ्टवेअर विंडोजच्या एकदम मुळापाशी बसतात. म्हणून म्हणतो की असलं काही टाकताना दहा वेळा विचार करावा आणि गरज नसेल तर टाकूच नये.

मग गरज आहे का? माझं मत स्पष्ट आहे, विंडोज १० किंवा ११ असेल, ओरिजिनल असेल, अपडेट चालू असतील तर घरच्या वापराला वेगळं अँटीव्हायरस लागत नाही, फुकट पण नाही आणि विकत पण नाही. कारण मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं अँटीव्हायरस, डिफेंडर, विंडोजच्या आतच आहे. लोकांना हे पटत नाही कारण त्यांच्या डोक्यात जुना डिफेंडर आहे, विस्टा आणि विंडोज ७ मधला, तो फक्त स्पायवेअर, म्हणजे चोरून माहिती काढणारी सॉफ्टवेअर बघायचा, व्हायरस पकडणं त्याचं कामच नव्हतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी एसेन्शियल्स वेगळं दिलं, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते सगळं डिफेंडरमध्येच घातलं. सुरुवातीला टेस्टमध्ये कमीच मार्क पडायचे, ते पण खरं. पण आता जर्मनीची एव्ही-टेस्ट नावाची संस्था आहे, ती सुरक्षा, वेग आणि चांगल्या फायलींवर खोटे इशारे किती कमी अशा तीन गोष्टींना सहा सहा असे एकूण १८ मार्क देते, त्यात डिफेंडरला गेल्या काही वर्षांत कितीतरी वेळा १८ पैकी १८ पडलेत.

कमतरता पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा मायक्रोसॉफ्टचा एजंट दिसतो. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कंपॅरेटिव्हज् म्हणून दुसरी टेस्ट संस्था आहे, त्यांच्या टेस्टमध्ये दिसतं की नेट बंद असताना डिफेंडरची पकड ढिली होते, कारण त्याचं बरंचसं काम क्लाउडवरून, म्हणजे नेटवरच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून चालतं. म्हणजे ज्याच्या घरी नेट नाही, नुसते पेनड्राइव्ह येतात जातात, अशा मशीनला दुसरं काहीतरी बघायला हरकत नाही. दुसरं म्हणजे धोक्याच्या साइट अडवणारी स्मार्टस्क्रीन ही मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये चालते, तुम्ही क्रोम वापरत असाल तर तिथे गुगलचं स्वतःचं सेफ ब्राउझिंग असतं, ते बंद करू नका. आणि खूप फायली एकदम कॉपी करताना जुन्या मशीनवर डिफेंडर जरा जड जातो, त्याला इलाज म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क टाकणे, तो खर्च अँटीव्हायरसपेक्षा जास्त कामाचा.

यादीतलं एखादं हवंच असेल तर मी बिटडिफेंडरचं फुकटवालं म्हणेन, रुमानियाची कंपनी आहे, त्यातल्या त्यात कटकट कमी करतं, फक्त ईमेल देऊन खातं काढावं लागतं. आणि ते टाकलं की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, ते बरोबरच आहे, घाबरून परत चालू करायला जाऊ नका. मालवेअरबाइट्स फुकट ठेवलं तर चालतं कारण ट्रायल संपल्यावर ते फक्त आपण सांगू तेव्हाच स्कॅन करतं, सारखं मागे बसून राहत नाही.

क्विक हील या पुण्याच्या अँटीव्हायरसबद्दल दुकानात रोज विषय निघतो, कारण आमच्या सातारा जिल्ह्याचा माणूस. रहिमतपूरचे कैलास काटकर, पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअर करायचे, धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर शिकत होते, दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले तसा संजयनी ते साफ करायचा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून एवढी कंपनी उभी राहिली, २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. आम्हाला अभिमान आहेच. फ्लॉपीचा जमाना होता तो, विंडोजमध्ये स्वतःचं असं काहीच नव्हतं, तेव्हा असं सॉफ्टवेअर नसतं तर लोकांचं अवघड होतं. जोशी नावाचा एक व्हायरस होता बघा, १९९० मध्ये भारतात सापडलेला, ५ जानेवारीला मशीन अडवून धरायचा आणि हॅपी बर्थडे जोशी असं टाईप केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही! आजच्या मानाने सज्जनच म्हणायचा. तर सांगायचं हे की क्विक हील फुकट नाही, ट्रायल तेवढी मिळते, आणि जिथे आठ-दहा मशीन आहेत, पतसंस्था, सीएचं ऑफिस, शाळेची लॅब, कोणी सांभाळायला नाही, तिथे विकतचं घ्यावं, फोन केल्यावर माणूस बोलतो याला किंमत आहे. घरी एकच लॅपटॉप, त्यावर मुलाचा अभ्यास आणि थोडं बँकेचं काम, तिथे मी स्वतःहून की विकत नाही. बायको म्हणते असाच धंदा करा!

आता मुख्य मुद्दा, आणि हा आमच्याच लाइनीतल्या लोकांना लागेल तर लागू दे. घरोघरच्या मशीनमध्ये व्हायरस शिरतो तो अँटीव्हायरस हलकं होतं म्हणून शिरत नाही, बहुतेक वेळा तो आत घेतलेला असतो. असेंबल पीसी घेताना गिऱ्हाईक म्हणतं विंडोज फुकट टाकून द्या, दुकानदार क्रॅक, म्हणजे लायसनशिवाय चालवायचा चोरटा प्रोग्रॅम टाकतो, क्रॅक चालवायला आधी डिफेंडर बंद करावा लागतो कारण तो बरोबर ओळखतो, मग दुकानदार डिफेंडर बंद करतो, वरून अख्खा सी ड्राइव्ह एक्सक्लुजनमध्ये टाकतो म्हणजे इथे बघूच नको असं सांगून ठेवतो, अपडेट पण बंद करतो कारण अपडेट आला की क्रॅक उडतो, आणि एवढं सगळं करून झाल्यावर त्याच गिऱ्हाइकाला अँटीव्हायरसची की विकतो. मी हे डोळ्याने बघतो, दुरुस्तीला आलेली मशीन उघडली की हेच. मग पोरं त्यावर गेमचे क्रॅक, फोटोशॉपचा क्रॅक, प्रत्येकाच्या सूचनेत पहिलीच ओळ असते अँटीव्हायरस बंद करा. पोरगं इमानदारीत बंद करतं!

याचा शेवट कसा होतो ते सांगतो. रॅन्समवेअर म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, त्याची स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणून एक जात आहे, ती मुख्यतः असल्या क्रॅकमधूनच पसरली, घरगुती मशीनवर सगळ्यात जास्त तीच. रात्री काहीतरी डाउनलोड केलं आणि सकाळी सगळ्या फोटोंच्या, वर्डच्या फायलींच्या नावापुढे चार अक्षरांचं विचित्र शेपूट लागलेलं, एकही उघडत नाही, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी की ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर अर्ध्यात, ४९०. माझ्याकडे एक कुटुंब असं मशीन घेऊन आलं होतं, लग्नाचे, बारशाचे, वारलेल्या आजीचे सगळे फोटो त्यातच, दुसरी कॉपी कुठेच नाही. २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीने यावर फुकट सोडवणूक काढली होती पण ती जुन्या प्रकारांना आणि काही ठरावीक केसमध्येच चालते. यांच्या फायली त्यात बसल्या नाहीत. वडील विचारत होते की विकतचं अँटीव्हायरस असतं तर वाचलं असतं का? मी काय सांगणार, मुलाने ते पण बंदच केलं असतं क्रॅक टाकायला. ज्यांच्यावर अशी वेळ आलीये त्यांनी पैसे भरण्याआधी नो मोअर रॅन्सम या साइटवर बघावं, युरोपोल आणि डच पोलिसांनी कंपन्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये काढलेली आहे, काही प्रकारांच्या चाव्या तिथे फुकट मिळतात. आणि गल्लीतला कोणी शंभर टक्के डेटा परत आणतो म्हणाला तर आधी एक फाइल उघडून दाखव म्हणावं.

म्हणून वाचकांना माझं सांगणं, यादीतलं काही डाउनलोड करण्याआधी आपलं मशीन उघडा. स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी असं टाईप करा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्जमध्ये रिअल टाइम प्रोटेक्शन, क्लाउड आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू आहे का बघा. तिथेच खाली एक्सक्लुजन्स आहे, ते उघडा, घरच्या मशीनवर ती यादी रिकामी पाहिजे. सी ड्राइव्ह किंवा डाउनलोड फोल्डर तिथे दिसला तर समजा कोणीतरी दार उघडं ठेवून गेलंय, काढून टाका आणि फुल स्कॅन लावा, वेळ लागतो, रात्री लावून झोपा. ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप अडवायचं बटण असतं, ते चालू ठेवा, त्याने फुकटात चिकटून येणारी फालतू सॉफ्टवेअर थांबतात. रॅन्समवेअर प्रोटेक्शनमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस म्हणून आहे, मायक्रोसॉफ्टने ते बंदच ठेवलेलं असतं, चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅम तुमच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सला हात लावू शकत नाही. पण त्याचा एक त्रास आहे, जुनं एखादं टायपिंगचं किंवा हिशोबाचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना अडतं, मग त्याला परवानगीच्या यादीत घालावं लागतं, तेवढं केलं की काम होतं.

अपडेट बंद करू नका हे मी सांगून सांगून थकलो. नेट स्लो होतं, मशीन मध्येच रिस्टार्ट होतं, सगळं मान्य. पण मे २०१७ चं वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर आठवा, १५० देशांत दोन लाखांच्या वर मशीन अडकली, आपल्याकडे आंध्र पोलिसांचे कॉम्प्युटर गेले, आणि ते विंडोजच्या ज्या भोकातून शिरलं त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, दोन महिने आधी. ज्यांनी तो घेतला त्यांच्या मशीनवर ते पसरलंच नाही. त्याच भोकातून पुढच्या महिन्यात नॉटपेट्या नावाचा व्हायरस पसरला आणि जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं, कंटेनरची रांग लागली, तो युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलेला. हो, म्हणजे अपडेटमधूनही घाण येऊ शकते, पण म्हणून विंडोजचे अपडेट बंद करणं हा त्यावर उपाय नाही.

विंडोज १० वाल्यांचं मात्र अवघड झालंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला, मायक्रोसॉफ्टने घरच्या वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली, त्याला सेटिंग्जच्या अपडेट पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं, सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडले तर पैसे पडत नाहीत. डिफेंडरच्या व्हायरसच्या याद्या मात्र विंडोज १० ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं कंपनीने जाहीर केलंय. म्हणजे अँटीव्हायरस ताजा पण खालचं विंडोज शिळं, हे काही खरं नव्हे, पण लगेच मशीन फेकून द्यायची पण गरज नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो, जुन्या मशीनला बसत नाही, आणि कोणी जुगाड करून बसवून देतो म्हणाला तर पुढचे अपडेट येतील याची खात्री नाही. विंडोज ७ वाल्यांना काय सांगू, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपला, क्रोमने पण २०२३ मध्ये सोडून दिलं, त्यावर कुठलंही फुकट अँटीव्हायरस टाका, बँकेचं काम करू नका. नुसतं यूट्यूब आणि टायपिंग असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकून घ्या, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर बरं पळतं.

पेनड्राइव्हचं राहिलंच. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटला पेनड्राइव्ह दिला आणि परत आणला की सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले, हे आपल्याकडे अजून चालतं. फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात, त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की मात्र व्हायरस तुमच्या मशीनमध्ये उतरतो. म्हणून आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन करा, आणि फाइल एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलच्या नावाचं शेपूट, दिसेल अशी सेटिंग ठेवा म्हणजे फोटोच्या नावाखाली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम असेल तर लगेच कळतं. आपल्या सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, २०१७ मध्ये सुरू झालं, त्यांच्या सीएसके डॉट गव्ह डॉट इन या साइटवर मशीन साफ करायची फुकट टूल मिळतात, त्यातलं एक क्विक हीलचंच आहे, आणि पेनड्राइव्हवर लक्ष ठेवणारं सी-डॅक या सरकारी संस्थेचं यूएसबी प्रतिरोध पण आहे. फुकटची यादी करताना यांचं नाव यायला पाहिजे होतं, आपल्याच कराच्या पैशाचं आहे.

आणि महत्त्वाच्या फायली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा, लावून ठेवली तर रॅन्समवेअर तिला पण सोडत नाही.

एवढं सगळं करून पण जे होतं ते अँटीव्हायरसच्या हद्दीबाहेरचं आहे. स्क्रीनभर लाल पान येतं, आवाज येतो, तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला, मायक्रोसॉफ्टला या नंबरवर फोन करा. मायक्रोसॉफ्ट एररमध्ये कधीच फोन नंबर देत नाही, आल्ट एफफोर मारा, नाही ऐकलं तर मशीन बंद करा, काही होत नाही. फोन केला तर पलीकडचा एनीडेस्क, म्हणजे लांबून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला सांगणार आणि तुमच्याच हाताने बँक उघडायला लावणार, तिथे कुठलंही अँटीव्हायरस गप्प बसतं कारण एनीडेस्क हे व्हायरस नाहीच, चांगलं कामाचं सॉफ्टवेअर आहे, मी पण वापरतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड. दुसरा प्रकार, कोपऱ्यात सारखं येतं की तुमचं अमुक अँटीव्हायरस संपलं, रिन्यू करा, आणि ते अँटीव्हायरस मशीनमध्ये नसतंच! ते कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिल्यामुळे क्रोममधून येतं. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनच्या यादीतली अनोळखी नावं काढली की मिनिटात शांत. माझ्याकडे व्हायरस व्हायरस म्हणून येणाऱ्या लॅपटॉपपैकी बऱ्याच जणांना एवढंच झालेलं असतं, त्याचे मी पैसे पण घेत नाही, चहा सांगतात तो पितो.

पत्र लांबलं, काटछाट करा, हरकत नाही, फक्त एक्सक्लुजनचा भाग ठेवा. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावापुढे मालक कोण आणि पैसा कुठून येतो हे दोन रकाने टाका, जागा फार लागत नाही. आणि अजून एक. तो लेख आपल्या वेबसाइटवर पण टाकलाय, तिथे लेखाच्या बरोबर मध्ये एक जाहिरात येते, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आढळला, आत्ता स्कॅन करा, हिरवं बटण. माझं एक गिऱ्हाईक तुमचा लेख वाचता वाचता तेच बटण दाबून आलं. ती जाहिरात कोणाच्या एजन्सीकडून येते ते बघून आधी काढायला सांगा.

आपला,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, जि. सातारा
(नाव छापू नये, बाजारपेठेत रोज तोंडं बघायची असतात.)